तिकीट बंद झालं, प्रश्न उरला: तांत्रिक नोकरी करताना शिकायला वेळ कसा काढायचा

मी डेटाबेस आणि बॅकएंडचं काम करते. एक छोटी टीम सांभाळते, पाळीनं ऑन-कॉल असते (म्हणजे कधीही काही बिघडलं तर धावून जायची जबाबदारी माझी), आणि घरी माझ्यावर अवलंबून असलेली माणसं आहेत. टीममध्ये नवीन आलेली मुलं-मुली थोडी रुळली की एक प्रश्न हमखास विचारतात: रोजच्या कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही, मग नवीन शिकायचं कधी? त्यांच्याशी एकेकट्यानं बोलताना मी जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

शिकायला वेळ शोधताना बहुतेक जण दिवसाच्या कडेला जातात. पहाटे, रात्री, शनिवार-रविवार. तिथे वेळ दिसतो खरा, पण तो थकलेला वेळ असतो आणि बहुधा आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेला असतो. मी सुरुवात कामाच्या मध्यातून करायला सांगते. आपल्या कामात रोज अशी वेळ येते की गोष्ट चालू होते, पण का चालू झाली ते कळत नाही. कॉन्फिगमधला एक आकडा वाढवला, एरर गेली. सर्व्हिस रीस्टार्ट केली, मेमरी खाली आली. जुन्या तिकिटातली (कामाच्या किंवा तक्रारीच्या नोंदीतली) कमांड चिकटवली, डिप्लॉय झालं, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चालू झाला. तिकीट बंद होतं आणि प्रश्न तिथेच पडून राहतो. पुढे कधीतरी तोच प्रश्न वेगळ्या नावानं परत येतो आणि पुन्हा तेवढेच तास खातो. शिकण्याचा वेळ काढायचा तो इथून.

आधी वही

कागदाची वही घ्या किंवा साधी टेक्स्ट फाइल. मी फाइल ठेवते, कारण काम करता करता तिथल्या तिथे लिहिता येतं. तिच्यात फक्त अर्धवट राहिलेले प्रश्न जातात. तारीख, मी काय करत होते, पडद्यावर नेमकं काय दिसलं (एरर असेल तर जशीच्या तशी) आणि शेवटी प्रश्न. हे सगळं दोन मिनिटांत लिहून व्हायला हवं. जास्त वेळ लागत असेल तर घाईच्या दिवशी नोंद होणारच नाही, आणि चांगले प्रश्न नेमके घाईच्या दिवशीच सापडतात.

प्रश्न कसा लिहिता याला फार महत्त्व आहे. कुबरनेटिस ही अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली. 'कुबरनेटिस नीट शिकायचं' असं लिहिलं तर ती नुसती इच्छा झाली. तिला कुठून हात घालायचा ते कळत नाही आणि ती पुरी कधी झाली तेही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'पॉड बंद करताना ३० सेकंदांची मुदत असते ती कशासाठी? आणि तेवढ्या वेळात त्याच्याकडे येणाऱ्या रिक्वेस्टचं काय होतं?' (पॉड म्हणजे कुबरनेटिसमध्ये एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा लहानात लहान गट.) याचं उत्तर दोन-तीन बैठकांत, म्हणजे शिकायला म्हणून बसलेल्या पाऊण-पाऊण तासात, हाती लागतं. कंटेनरला आधी सिगटर्म, म्हणजे 'आवरून थांब' असा इशारा, जातो. मुदतीत तो स्वतःहून थांबला नाही तर सिगकिल, म्हणजे सक्तीनं बंद. सर्व्हिसच्या यादीतून त्या पॉडचं नाव काढण्याचं काम याच वेळी, पण स्वतंत्रपणे चालू असतं. म्हणून काही क्षण बंद होत असलेल्या पॉडकडेही रिक्वेस्ट येऊ शकतात. एवढं समजलं की डिप्लॉयच्या वेळी तुरळक दिसणाऱ्या ५०२ एररचा (मधल्या सर्व्हरला मागून नीट उत्तर न मिळाल्याची खूण) माग काढता येतो. कुबरनेटिसचा एक कोपरा पक्का झाला, आणि तोही ज्याची कामात गरज होती तो.

शुक्रवारी निघण्याआधी वही चाळायची आणि पुढच्या आठवड्यासाठी एकच प्रश्न निवडायचा. निवडताना मी दोन गोष्टी बघते. हा प्रश्न आधी कधी आला होता का? आणि याचं उत्तर पाच वर्षांनीही उपयोगी पडेल का? दोन्हींना 'हो' आलं तर विचार करायची गरज नाही. एकाच गोष्टीला 'हो' असेल तर वारंवार येणारा प्रश्न आधी घ्यावा, कारण त्यानं सुटणारा वेळ लगेच हातात येतो आणि पुढच्या प्रश्नासाठी वापरता येतो.

एक प्रश्न शेवटपर्यंत कसा नेतात

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून माझ्या वहीतली एक नोंद उलगडून दाखवते.

आमच्याकडे एक रिपोर्ट अचानक हळू झाला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ चालवलं. ही कमांड क्वेरी कशी चालली ते अंदाज आणि प्रत्यक्ष आकड्यांसह दाखवते. एका टेबलावर तीन अटी होत्या, प्लॅनरचा (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचा) अंदाज होता १ ओळ, आणि प्रत्यक्षात निघाल्या बारा हजारांवर. एकच ओळ येणार असं समजून त्यानं पुढच्या टेबलाशी नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात पुन्हा शोध) लावला होता आणि तो लूप हजारो वेळा फिरत होता. क्वेरी दुसऱ्या पद्धतीनं लिहिली, रिपोर्ट पूर्ववत झाला, तिकीट बंद केलं. वहीत लिहिलं: 'प्लॅनरला एकच ओळ का वाटली? टेबल तर नुकतंच अ‍ॅनालाइझ झालं होतं.'

पहिल्या बैठकीत काहीही न वाचता स्वतःचा अंदाज लिहिला. मला वाटलं होतं की टेबलाची आकडेवारी गोळा करणाऱ्या अ‍ॅनालाइझ कमांडनं घेतलेला नमुना अपुरा पडला असेल. ही पायरी कधीही गाळू नका. आधी स्वतः काहीतरी म्हटलेलं असेल तर उत्तर वाचताना मन जागं राहतं आणि नेमकं काय माहीत नव्हतं ते ठळक दिसतं.

दुसऱ्या बैठकीत मॅन्युअल. प्लॅनर ओळींचा अंदाज कसा बांधतो यावर पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये स्वतंत्र प्रकरण आहे, उदाहरणांसकट. तिथून कळलं की अ‍ॅनालाइझ सगळं टेबल वाचत नाही, नमुना घेतं. स्टॅटिस्टिक्स टार्गेट (आकडेवारी किती बारकाईनं गोळा करायची ते ठरवणारी सेटिंग) मूळच्या १०० वर असेल तर साधारण ३०,००० ओळींचा. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर पुढे होतं. दोन कॉलमवर दोन अटी असल्या की प्लॅनर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरतो आणि दोन्हींची प्रमाणं गुणतो. आमच्या टेबलात उपकरणाची कंपनी आणि मॉडेल असे कॉलम होते. मॉडेल कळलं की कंपनी आपोआप कळते, पण प्लॅनरला हे ठाऊक नसतं.

तिसरी बैठक हातानं करून बघण्याची. कामावरचा डेटा स्वतःच्या प्रयोगासाठी उचलायचा नाही, हा नियम पक्का ठेवा. गरजही पडत नाही. जनरेट सिरीज हे ओळीनं आकडे तयार करणारं फंक्शन वापरून १ ते १० लाख आकड्यांचं टेबल केलं. आकड्याला ५० नं भागून उरलेली बाकी ही कंपनी, ५०० नं भागून उरलेली बाकी हे मॉडेल. म्हणजे प्रत्येक कंपनीच्या २०,००० ओळी, प्रत्येक मॉडेलच्या २,०००, आणि मॉडेलवरून कंपनी ठरलेली. मग अट घातली: कंपनी ७ आणि मॉडेल ५७. प्रत्यक्षात २,००० ओळी. प्लॅनरचा अंदाज जवळपास ४०, कारण पन्नासावा भाग गुणिले पाचशेवा भाग म्हणजे पंचवीस हजारावा भाग. कागदावर केलेला गुणाकार पडद्यावर जसाच्या तसा उतरलेला बघताना जी खात्री होते, ती कुठलाही व्हिडिओ बघून होत नाही.

मग क्रिएट स्टॅटिस्टिक्स, डिपेंडन्सीज या प्रकारचं; यानं कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत हे प्लॅनरला कळतं. ही सोय पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीत, २०१७ मध्ये आली. पुन्हा अ‍ॅनालाइझ केलं आणि अंदाज २,००० च्या आसपास आला. चौथ्या बैठकीत मी मुद्दाम चुकीची जोडी दिली: कंपनी ८ आणि मॉडेल ५७. अशी एकही ओळ टेबलात नाही, तरी प्लॅनर २,००० च्या जवळच राहिला. म्हणजे या उपायालाही मर्यादा आहे, दोन्ही अटी एकमेकींशी जुळतात असं तो गृहीत धरतो. मॅन्युअलमध्ये ही मर्यादा लिहिलेली आहे, पण स्वतः घडवून बघितल्यावर ती विसरायला होत नाही.

चार बैठका, प्रत्येकी पाऊण तासाची. त्यानंतर टीममध्ये 'अंदाज आणि प्रत्यक्ष यांत इतका फरक का' असं कुणी विचारलं की आमची पहिली दहा मिनिटं कुठे बघायचं हे ठरलेलं असतं. एखादा सबंध कोर्स करूनही हे एवढं घट्ट बसलं नसतं असं मला वाटतं, कारण कोर्समधला प्रश्न दुसऱ्याचा असतो.

पाऊण तास कुठून आणायचा

मी आठवड्यातून दोन सकाळी घेते. मंगळवार आणि गुरुवार, कामाचा पहिला पाऊण तास, चॅट आणि मेल उघडण्याआधी. रोज करा असं मी कुणालाही सांगत नाही. रोजचं ठरवलं की दुसऱ्या आठवड्यात एखादा दिवस चुकतो, मग अपराधी वाटतं, आणि सगळंच सुटतं. दोन दिवस ठरवले आणि दोन्ही झाले तर तो आठवडा चांगला गेला असं म्हणता येतं.

'चॅट उघडण्याआधी' यावर माझा फार भर आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अपुरं सोडून आपण दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्याच कामापाशी रेंगाळतो आणि दुसऱ्या कामाची प्रत खालावते. हे प्रत्येकानं अनुभवलेलं आहे. सकाळी एक मेसेज वाचला, उत्तर द्यायचं राहिलं, की पुढचा पाऊण तास वाचलेलं डोळ्यांवरून जातं. मेसेज वाचलाच नाही तर रेंगाळायला काही उरत नाही. अर्थात रात्रीतून काही जळत असेल तर तुम्हाला पेजर (बिघाडाचा तातडीचा इशारा) वाजून कळेलच. चॅटमधलं बाकी सगळं पाऊण तास थांबू शकतं. तसं थांबत नसेल तर टीमच्या कामाची घडी बसवायला हवी आहे, आणि ते वेगळं काम आहे.

ऑन-कॉलच्या आठवड्यात मी बैठक ठेवतच नाही. आधीच तसं ठरलेलं असल्यामुळे ती चुकली असं होत नाही. त्या आठवड्यात फक्त वही भरते. रिलीजच्या आठवड्यातही तेच.

वेळ ठरवताना 'जमेल तेव्हा' म्हणू नका. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये यावर लिहिलं होतं: नुसता संकल्प केलेल्यांपेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता वाढते. माझं वाक्य असं आहे: 'मंगळवारी लॅपटॉप उघडला की सगळ्यात आधी वहीची फाइल उघडीन.' कॅलेंडरमध्ये ती वेळ अडवून ठेवा, आणि त्या नोंदीला 'स्टडी' असं मोघम नाव देण्यापेक्षा प्रश्नच लिहा. 'प्लॅनरचा अंदाज का चुकतो' असं लिहिलेल्या वेळेवर लोक मीटिंग टाकायला कचरतात. 'स्टडी' लिहिलेल्या वेळेवर बिनदिक्कत टाकतात.

दुसरी जागा म्हणजे तिकिटाचा अंदाज. एखाद्या कामात आपल्याला माहीत नसलेला भाग असेल तर तो अंदाजात लपवू नका. स्पाइक म्हणून वेगळं तिकीट करा: प्रश्न कोणता, किती तास द्यायचे, शेवटी काय लिहून द्यायचं. तास संपले की थांबायचं आणि जे कळलं ते लिहायचं. यात शिकणं हे उघडउघड काम ठरतं. नाहीतर तीच माणसं तेच वाचन रात्री घरी करतात आणि अंदाज बरोबर आला असं सगळ्यांना वाटत राहतं.

वरिष्ठांशी बोलताना

'मला शिकायला वेळ हवाय' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला ती तुमची वैयक्तिक मागणी वाटते. बहुतेक वरिष्ठ नाही म्हणत नाहीत, पण 'हो, बघू या' म्हणतात आणि ते तिथेच राहतं. वहीतले आकडे घेऊन जा. उदाहरणार्थ असं बोला: 'या तिमाहीत कनेक्शन संपल्याची तक्रार तीनदा आली. दर वेळी दोघांचा अर्धा दिवस गेला आणि दर वेळी आपण रीस्टार्टवर भागवलं. कनेक्शनचा पूल (जोडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) नेमका कसा भरतो हे मला नीट समजून घ्यायचंय. चार बैठका, पाऊण-पाऊण तासाच्या. शेवटी अर्ध्या पानाची टिपण तुम्हाला देईन आणि अलर्ट कुठे लावायचा ते सांगेन.' यात मागणी लहान आहे, मुदत आहे, आणि त्यांच्या हाती काहीतरी पडणार आहे. पहिली टिपण वेळेवर दिलीत की दुसऱ्या वेळी फार समजवावं लागत नाही.

रोजच्या धावपळीला मर्यादा घालणं हा कामचुकारपणा नाही, हे पटवायचं असेल तर गूगलच्या एसआरई (सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या अभियंत्यांच्या) टीमचा दाखला देता येतो. तिथे चालू दुरुस्ती आणि हातानं करायची कामं वेळेच्या ५० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत, उरलेला वेळ ती कामं मुळातून कमी करणाऱ्या अभियांत्रिकीला द्यायचा, असं धोरण त्यांनी जाहीरपणे मांडलेलं आहे. आपल्याला अर्धा वेळ कुणी देणार नाही. आठवड्याचा दीड तास मागायला मात्र हा आधार पुरेसा आहे.

आणि स्वतः वरिष्ठ असाल तर एक विनंती. तुमची स्वतःची बैठक कॅलेंडरमध्ये सगळ्यांना दिसू द्या. टीममधल्या नवख्या मुलीला तुमच्या तोंडी परवानगीपेक्षा ते दिसण्यानं जास्त बळ मिळतं.

घरचा वेळ

याबद्दल मी ठाम आहे. नोकरीसाठी लागणारं शिक्षण नोकरीच्या वेळेत बसवण्याचा प्रयत्न आधी करावा. 'ज्याला आवड असते तो रात्री जागून शिकतोच' हे वाक्य मी मुलाखतींमध्येही ऐकलं आहे, आणि ते अन्यायाचं आहे. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, किंवा ज्यांच्यावर घरचं सगळं काम पडतं, त्यांची आवड कमी नसते. त्यांची रात्र त्यांच्या मालकीची नसते. यात बायका जास्त भरडल्या जातात. अशा किती हुशार मुली दोन-तीन वर्षांत मागे पडल्यासारख्या दिसतात आणि मग स्वतःलाच दोष देतात. त्यांच्यासाठी कामाच्या वेळेतला पाऊण तास हीच खरी शिकण्याची वेळ असते, म्हणून टीमनं तो जपायला हवा.

झोप कापून शिकू नका. शिकलेलं मनात बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. झोपच कमी केली तर वाचलेलं टिकत नाही आणि दुसऱ्या दिवशीचं कामही बिघडतं.

काय खोल शिकायचं, काय वरवर

आपल्या क्षेत्रात सगळं रोज बदलतं असं सतत कानावर पडतं आणि त्यानं जीव घाबरा होतो. नीट बघितलं तर बदलण्याचा वेग सगळीकडे सारखा नाही. टीसीपीचं (इंटरनेटवर डेटा भरवशानं पोचवण्याच्या नियमांचं) मूळ वर्णन करणारा दस्तऐवज, आरएफसी ७९३, सप्टेंबर १९८१ मधला. त्याची जागा आरएफसी ९२९३ नं घेतली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, आणि तेही मुख्यतः मधल्या काळातल्या दुरुस्त्या एकत्र करण्यासाठी. कनेक्शन जोडताना होणारी तीन टप्प्यांची देवाणघेवाण तीच आहे. रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत मांडायची पद्धत, एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं, आणि आज मी जी क्वेरी लिहिते तिच्या तळाशी तेच आहे. याउलट कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला साधारण १४ महिने दुरुस्त्यांचा आधार मिळतो. पोस्टग्रेस आणि पायथन यांच्या मोठ्या आवृत्त्या वर्षाला एक, आधार पाच वर्षांचा.

म्हणून बैठकीचा वेळ हळू बदलणाऱ्या गोष्टींना द्यायचा: नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आतून कसा चालतो, एकाच वेळी दोघांनी एकच ओळ बदलली तर काय होतं. झपाट्यानं बदलणाऱ्यांसाठी नव्या आवृत्तीचे रिलीज नोट्स चाळणं बहुधा पुरतं. चाळताना 'सुसंगतता मोडणारे बदल' हा भाग पूर्ण वाचा, बाकीच्यात आपण वापरतो तेवढंच. नवीन फ्रेमवर्कची घोषणा झाली म्हणून त्याच दिवशी ट्यूटोरियल उघडू नका. ते वहीतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे का, एवढं बघा.

लक्षात राहण्यासाठी

मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला फार वेगानं होतं आणि मग मंदावतं. म्हणजे मंगळवारी वाचलेल्यातलं बरंचसं गुरुवारपर्यंत गेलेलं असणार, यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही. उपायही अभ्यासलेला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर घेतली तेव्हा वाचलेलं बाजूला ठेवून आठवून लिहिणारे पुढे गेले.

मी हे असं करते. बैठकीची शेवटची दहा मिनिटं सगळे टॅब बंद. कोऱ्या फाइलमध्ये जे आठवतं ते माझ्या शब्दांत, मराठीत, कधी चित्र काढून. जिथे अडखळते तिथे खूण. सगळ्यात शेवटी एक ओळ: 'पुढच्या वेळी इथून.' ही ओळ लहान आहे, पण मधे दोन आठवडे खंड पडला तरी परत कुठून सुरू करायचं यात वेळ जात नाही. पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं आधीचं न बघता पुन्हा आठवून सांगायची, मग तपासायची.

व्हिडिओ कोर्सबद्दल थोडक्यात: दीडपट वेगानं बघून 'पूर्ण' झालेल्या कोर्सनं समाधान मिळतं, शिकणं कमी होतं. हवा असलेला धडा तेवढा बघा, आणि बघून झाल्यावर टर्मिनल उघडा.

चॅट असिस्टंटला विचारून आता कुठलंही उत्तर क्षणात मिळतं. मीही वापरते. पण तिकीट लवकर बंद होण्याची ही आणखी एक वाट आहे, आणि प्रश्न मागे उरतोच. म्हणून क्रम पाळा: आधी स्वतःचा अंदाज, मग असिस्टंटला विचारणं, मग त्यानं सांगितलेलं मॅन्युअलमध्ये शोधणं, आणि शेवटी लहानसा प्रयोग करून बघणं. एका कामासाठी तो फार चांगला आहे. आपली टिपण त्याला द्यायची आणि म्हणायचं, यावर मला पाच अवघड प्रश्न विचार. उत्तरं मात्र आपण द्यायची.

सर्टिफिकेट

गरज असेल तर जरूर करा. नोकरी बदलताना, किंवा ग्राहकाची अट असेल तर त्याचा उपयोग होतो, आणि परीक्षेची तारीख ठरली की अभ्यासाला धार येते. फक्त मुदत बघून घ्या. सिस्कोचं नेटवर्किंगवरचं सीसीएनए तीन वर्षं चालतं, कुबरनेटिसचं सीकेए आता दोनच वर्षं. सीकेएसारखी परीक्षा दोन तास प्रत्यक्ष कमांड लाइनवर असते, तिची तयारी म्हणजे बहुतांशी हात चालवणंच, म्हणून ती मला जास्त पसंत आहे. परीक्षेच्या आधीचे सहा-आठ आठवडे वहीतल्या प्रश्नांच्या बैठका थांबवाव्या लागल्या तरी चालेल. नोंदी लिहिणं तेवढं चालू ठेवा.

टीममध्ये

पंधरवड्यातून एकदा अर्धा तास, एकानं आपला एक प्रश्न मांडायचा. स्लाइड करायच्या नाहीत, नाहीतर तयारीतच आठवडा जातो. टर्मिनल उघडायचा, काय दिसलं, आपला अंदाज काय होता, उत्तर काय निघालं. उत्तर अर्धवट असलं तरी चालतं, बाकीचे त्यात भर घालतात. नव्या माणसाला पहिल्यांदा बोलायला लावू नका, पण दुसऱ्या महिन्यात नक्की लावा. ज्यांना बोलायला संकोच वाटतो त्यांची टिपण दुसऱ्यानं वाचून दाखवली तरी चालते.

टिपणी सगळ्यांना सापडतील अशा एका जागी ठेवा आणि प्रत्येक टिपणीत मूळ एररचा मजकूर जसाच्या तसा असू द्या. रात्री दोनला ऑन-कॉल असलेला माणूस एररच शोधणार आहे, तुम्ही दिलेलं सुंदर शीर्षक शोधणार नाही.

वहीत प्रश्न साठत जातील. सगळे सोडवायचे नसतात. तीन-चार महिन्यांनी चाळून जे पुन्हा आले नाहीत ते काढून टाका.

वही अजून नसेल तर या आठवड्यात एवढंच करा. तुम्ही गेल्या महिन्यात बंद केलेली तिकिटं उघडा. 'रीस्टार्ट केलं, आता ठीक आहे', 'कारण कळलं नाही, पण पुन्हा दिसलं नाही', 'व्हॅल्यू वाढवली' असं ज्यांच्यात लिहिलेलं आहे ती बाजूला काढा. प्रत्येकातून एक प्रश्न लिहा, आणि येत्या मंगळवारी सकाळी कॅलेंडरमध्ये त्यातल्या एका प्रश्नाच्या नावानं पाऊण तास अडवा.